रामगढच्या तळ्यावरची गोठ

सासरची माणसं अजून मला बोल लावतात की अस्थी कृष्णेत का नाही सोडल्या. लावोत. कऱ्हाडच्या अलीकडे नदीकाठी आमचं गाव, दारात उभं राहिलं की पाणी दिसतं, आणि मी ह्यांच्या अस्थी सोडल्या कुठं, तर जयपूरजवळच्या रामगढच्या तळ्यात. दिवसकार्याला आलेल्या थोरल्या दिरांनी चार माणसांत सांगितलं, धाकटीचं डोकं ठिकाणावर नाही. डोकं चांगलं ठिकाणावर होतं. का केलं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला बसलं की मधेच कुणीतरी 'नशीब गं बाई एकेकाचं' म्हणतं आणि माझं पित्त खवळतं.

हे फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारीच्या खात्यात, हवालदार होते. बाडमेरकडे वाळवंटात सरावाला गेले असताना गाडी उलटली आणि पाठीचा कणा मोडला. लढाई नाही, दुश्मन नाही, वाळूत फसलेलं एक चाक. कमरेखाली सगळं गेलं. पाय होते, चांगले धडधाकट दिसायचे, पण हलायचे नाहीत आणि त्यांत काही कळायचंही नाही. आमची पोर तेव्हा पाळण्यात होती. दवाखान्यातून सुटल्यावर सगळ्यांनी सांगितलं, गावाकडं जा. हे तयार होईनात. आमचं घर चढावर, वाटेत दगडी पायऱ्या. म्हणायचे, "चार जणांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच येते. ती रोज कशाला आणायची?"

म्हणून आम्ही जयपुरातच राहिलो. मिलिटरी स्टेशन जवळ, दवाखाना जवळ, म्हणून झोटवाड्यात तळमजल्याची एक खोली घेतली. हे खाटेवर बसून गल्लीतल्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे आणि मी ह्यांना दुरुस्त ठेवायचे. चेष्टा नाही. ज्याला कमरेखाली कळत नाही त्याला चादरीची सुरकुती मारते, विजारीचं बटण मारतं. एका जागी बसून राहिलं की कातडं जातं, आणि एकदा गेलं की भरून यायला वर्ष घेतं. दिवसातून कितीदा कूस बदलायची, गादी झाडायची, आणि संध्याकाळी पालथं घालून टाचांपासून कमरेपर्यंत सगळं बघायचं. मग आरसा धरून त्यांनाही दाखवायचं, कारण शरीर त्यांचं होतं. पोर लहानपणी त्यांच्या पोटरीला चिमटा काढून तोंडाकडं बघत बसायची. हे आधी गप्प राहायचे, वर्तमानपत्राचं पान उलटायचे, आणि बऱ्याच वेळानं सावकाश म्हणायचे, "आई गं." पोर हसून हसून लोळायची. आमच्या घरात हा खेळ रोज चालायचा.

पण माणूस खाटेवर वाळत चालला होता. भिंतीकडं तोंड करून दुपारच्या दुपार पडून राहायचे. भाकरी पुढं ठेवली तर ती थंड होईपर्यंत बघत बसायचे. मी चिडून बोलायचे, तर म्हणायचे, "तुझं बरोबर आहे." भांडायलाही तयार नसलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते एका मेजरीणबाईंनी. मेजरांची बायको, पुण्याच्या, शुद्ध बोलणाऱ्या. दवाखान्यात फुलं-फळं वाटायला यायच्या तेव्हा मला त्यांचा रागच यायचा. पण एक दिवस वॉर्डातल्या सगळ्यांची तोंडं भिंतीकडं बघून त्या म्हणाल्या, "ह्यांना संत्री काय देत बसलोय आपण? ह्यांना बाहेर नेऊ या." आणि खरंच कुणाकुणाच्या मागं लागून त्यांनी एक लष्करी ट्रक मिळवला. त्याला मागून फळ्या लावून चाकाच्या खुर्च्या वर चढवायच्या, आत दोरांनी बांधायच्या आणि रविवारी निघायचं. वॉर्डातले आणि ह्यांच्यासारखे घरी राहणारेही, पाय गेलेले, हात गेलेले, डोळे गेलेले, सगळे. शिवाय जयपूरचा नकली पाय बसवून घ्यायला गावोगावचे लोक यायचे, त्यांतलेही कुणी कुणी. कधी आमेरच्या पायथ्याशी, कधी कानोत्याच्या बांधावर. लोक थांबून बघायचे. मी उलट त्यांच्याकडं टक लावून बघायचे, मग ते माना वळवायचे.

तिथंच ह्यांना भाईसा भेटले. शेखावाटीकडचे, सुरुंगात डोळे गेलेले, अंगानं खांबासारखे. मी त्यांना भाईसा म्हणायचे, हे दोघं एकमेकांना 'उस्ताद' म्हणायचे. भाईसांनी ह्यांची खुर्ची ढकलायची आणि ह्यांनी वाट सांगायची. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट मी शाळेत वाचली होती, ती अशी डोळ्यांपुढं दर रविवारी चालेल असं वाटलं नव्हतं. "उस्ताद, डावीकडं. हळू. पुढं म्हैस आहे." "म्हैस की मेमसाब?" "आवाज ऐकून ठरवा." दोघं असे हसायचे की बाकीच्यांना आपल्याला काय झालंय ते विसरायला व्हायचं. भाईसांची एक सवय होती. ह्यांना कुठं उतरवायचं असलं की आधी खाली बसून तळहातानं जमीन चाचपायची. काटा, खडा, काच, सगळं बाजूला सारायचं आणि मगच म्हणायचं, "आ जाओ."

सोमवारी हे बदललेले असायचे. रेडिओ उघडता उघडता मला आणि पोरीला कालचं सगळं पुन्हा सांगायचे, जशा काही आम्ही तिथं नव्हतोच. आणि मग एकदा बोलून गेले की पाण्यात उतरायचं आहे.

हे पट्टीचे पोहणारे. पुराच्या पाण्यात कृष्णा आडवी मारलेला माणूस. मला वाटलं, चेष्टा. पण नाही. ट्रकच्या ड्रायव्हरशी ह्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं. तो टायरची मोठी ट्यूब देणार, ती काखेखाली बांधायची, एका बाजूला भाईसा, एका बाजूला ड्रायव्हर. पाण्यात पाय लागत नाहीत, पाय कशाला हवेत? "अगं, पाण्यात सगळेच बिनपायाचे," म्हणाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, पाणी स्वच्छ असेल आणि माणसं धरायला असतील तर हरकत नाही. त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणं नाही. खाटेवरचा माणूस रात्रंदिवस तळ्यावर.

तळं म्हणजे रामगढचं. एशियाडमध्ये होड्यांच्या शर्यती झाल्या ते. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि तळं काठोकाठ भरलेलं. गणपती विसर्जन होऊन गेल्यावरचा रविवार. मेजरीणबाईंनी ठरवलं, रामगढला गोठ करू.

गोठ म्हणजे तिकडची पद्धत. सावन-भादव्यात जयपूरची माणसं कणीक, तूप, डाळ आणि शेणी बांधून पाण्याकाठी जातात आणि दाल-बाटी-चूरमा तिथंच करून जेवतात. शेण्यांचा आर करायचा, त्यात कणकेचे गोळे घालायचे आणि वरून गरम राख लोटायची. बाट्या त्या राखेतच भाजतात. आमच्यासारख्या महाराष्ट्रातल्या बायकांना ते सगळं आपल्या हुरड्याच्या आगटीसारखं वाटायचं, म्हणून आम्हीही हौसेनं पदर खोचून बसायचो.

काठापाशी एक मोठा लिंब होता. सगळ्यांना बसायला सावली हवी म्हणून बाट्यांचा चर खणला तो उन्हात, झाडापासून लांब. बाट्या निघाल्या, तुपात बुडाल्या, आणि पोरांचे पाय पडू नयेत म्हणून कुणीतरी त्या आरावर चांगली वाळू ओढून टाकली. शहाणपणानंच टाकली. जागा इतकी सारखी झाली की तिथं काही होतं हे कळू नये.

जेवणाची पंगत लिंबाखाली बसली. सगळे जमिनीवर, हे खुर्चीत, ताट मांडीवर. मी वाढायला गेले तर म्हणाले, "पंगतीत खुर्चीवर बसलेला माणूस पाहुणा वाटतो बघ." मी म्हटलं, "पाहुणा तर पाहुणा, बाटी घ्या." पण ते त्यांच्या मनात राहिलं असणार. जेवणं आटपली. ज्यांनी चर खणला होता ते होडीतून फिरायला गेले. आम्ही बायका भांडी घेऊन पाण्याशी बसलो. ऊन कललं आणि लिंबाची सावली सरकत सरकत पलीकडं गेली, त्या वाळूवर.

ह्यांनी भाईसांना आणि ड्रायव्हरला सांगितलं, मला खाली बसवा. खाली बसून पाणी बघायचं आहे. ड्रायव्हरनं सतरंजी आणली आणि सावली होती ती जागा दाखवली. भाईसांनी आपल्या सवयीनं जमीन चाचपली आणि म्हणाले, "उस्ताद, रेत गरम है."

हे म्हणाले, "राजस्थान आहे बाबा. वाळू गरम नसेल तर काय बर्फ असेल?"

सगळे हसले. मीही पातेलं घासता घासता हसले. दिवसभर तापलेली वाळू, सगळीकडंच गरम होती. भाईसांनी अजून एकदा हात फिरवला, थोडे थांबले, आणि म्हणाले, "आ जाओ."

त्यानंतरची दुपार मी कशी सांगू? सतरंजीवर बसून, पाठीला खुर्ची टेकून, उघडे पाय पाण्याच्या दिशेनं लांब पसरून हे बसले होते. पोर शेजारच्या दगडावर. तिला कृष्णेचा पूर सांगत होते, म्हशीच्या शेपटीला धरून पलीकडं कसे गेलो ते सांगत होते. ड्रायव्हरनं ट्रकमधून ट्यूब आणून दाखवली, फुगवलीसुद्धा. पण तेवढ्यात होडीवाले परतले, निघायची वेळ झाली होती, तर ठरलं की पाण्यात उतरायचं ते पुढच्या रविवारी. हे म्हणाले, "इतकी वर्षं थांबलो, एक आठवडा काय." मला हाक मारली, "अगं, बस की जरा. किती घासतीस?" मी हात पुसत जाऊन दगडावर पोरीपाशी बसले. गाडी उलटल्यापासून मी ह्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपला माणूस परत आला. तेवढी एक दुपार मी अगदी सुखात होते, आणि त्याच दुपारी ते खालून भाजत होते. हसत होते आणि भाजत होते. सगळीकडं शेण्यांच्या धुराचा वास होता, वेगळा वास कुणाला येणार? ते आठवलं की मला आजही वाटतं, देवाला समोर बसवावं आणि विचारावं की बाबा, ह्यात तुला काय मिळालं?

संध्याकाळी घरी आलो. नेहमीसारखं मी त्यांना पालथं घातलं आणि विजार काढायला लागले. ती निघेना. कापड चिकटलं होतं. दोन्ही टाचा आणि मांडीची मागची बाजू. जास्त सांगत नाही.

"काय ग, गप्प का झालीस?" खाली तोंड करून हे विचारत होते.

"काही नाही."

"आरसा आण."

मी आणला. त्यांनी बराच वेळ बघितलं. दारात पोर उभी होती, तिलाही दिसत होतं. ह्यांनी तिच्याकडं मान वळवली आणि सावकाश म्हणाले, "आई गं." पोर हसली नाही.

पुढं दवाखाना. तोच वॉर्ड, तीच भिंत. माणसं भेटायला यायची आणि कुणाची चूक ते शोधायची. वाळू कुणी ओढली, सतरंजी कुणी टाकली, बायको कुठं होती. माझ्या तोंडावर विचारायची. मी एकदा सांगून टाकलं, चूक सूर्याची, सावली सरकवली त्यानं. चौकशी झाली आणि वरून हुकूम आला की असल्या सहली बंद. कुणाही अपंगाला यापुढं मिलिटरी स्टेशनाबाहेर न्यायचं नाही.

भाजल्याचं ह्यांना काही दुखत नव्हतं. दुखलं ते त्या हुकमाचं. मला म्हणाले, "तू जा आणि स्टेशनच्या साहेबांना सांग, मीच बसलो. मला सांगितलं होतं गरम आहे, तरी मी बसलो. माझ्यापायी बाकीच्यांना कोंडू नका." मी गेले. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बहनजी, हे तुम्हा लोकांच्या भल्यासाठीच आहे." मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "साहेब, खाटेवर पडून पडून माणूस मरतो, त्याची चौकशी कधी होते का? भलं कशात आहे ते त्यांना एकदा विचारा तरी." साहेबांनी हुकमाचा कागद पुढं केला. कागदावर सही होऊन गेली होती.

मेजरीणबाई वॉर्डात आल्या तेव्हा ह्यांनी पालथ्या पालथ्याच सलाम केल्यासारखा हात उचलला आणि विचारलं, "बाईसाहेब, पुढची गोठ कधी?" त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. थंडी पडायच्या आत त्यांच्या यजमानांची बदली झाली. जाताना मला मिठी मारून रडल्या. झाल्या गोष्टीचा त्यांच्यावर माझा राग कधीच नव्हता, आणि हे त्यांना सांगायला मला जमलं नाही.

दवाखान्यातून घरी आणलं, पण तो हिवाळा ह्यांनी पालथं पडून काढला. तोंड खाटेच्या कडेबाहेर, नजरेसमोर फक्त फरशी. भाईसा रोज यायचे. कुणाचा तरी हात धरून, बस बदलून. यायचे आणि फरशीवर, बरोबर ह्यांच्या तोंडाखाली मांडी घालून वर तोंड करून बसायचे. एकदा मी म्हटलं, भाईसा, स्टुलावर बसा, खाली गार आहे. ते म्हणाले, "भाभीजी, मला काय, कुठंही अंधारच. इथं बसलो तर ह्याला बघायला एक तोंड तरी मिळेल." मी मोरीत जाऊन रडून आले.

'मी सांगितलं होतं' असं भाईसा एकदाही म्हणाले नाहीत. एवढंच एकदा, हे झोपलेले असताना, मला म्हणाले, "हाथ ने बताया था, भाभीजी. ज़बान ने ज़ोर नहीं दिया." मी म्हटलं, तुम्ही जोर दिला असता तरी त्यांनी ऐकलं नसतं. मला माहीत आहे ना, माझाच नवरा. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं.

ट्यूब आमच्याकडंच राहिली होती. खाटेखाली ठेवलेली. पोर तिच्यावर बसून अभ्यास करायची. मी ह्यांना सांगत होते, होळीनंतर उन्हं तापली की जाऊ, हुकूम गेला चुलीत, मी भाड्याचा टेम्पो करीन. "करशील?" विचारायचे. "करीन." "शब्द?" "शब्द." मांडीची जखम भरत आली होती. टाच मात्र भरेना. आत हाडापर्यंत गेली आणि ताप यायला लागला. एकदा उतरायचा, पुन्हा चढायचा. होळीला मी पुरणपोळी केली, ह्यांनी घासभर खाल्ली आणि बरी झालीय म्हणाले.

त्यानंतर चार-दोन दिवसांनी, सकाळी, मी अंग पुसत होते तर ह्यांनी विचारलं, "तळ्यात पाणी असेल का ग अजून?"

"आहे की. भाईसांनी चौकशी केली. भरपूर आहे."

"मग झालं," म्हणाले. दुपारनंतर शुद्ध हरपली ती परत आली नाही.

शब्द दिला होता तो मी दिला होता. कृष्णेनं नव्हता दिला. म्हणून रामगढ. दिरांना हे कळायचं नाही, आणि कळावं अशी माझी इच्छाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला मी स्वतः गेले. बायका जात नाहीत, मला ठाऊक आहे. गावाहून निघालेले दीर अजून आगगाडीतच होते. मग कोण जाणार होतं दुसरं? ड्रायव्हर भाईसांचा हात धरून आला. मी कलश खाली ठेवला, पदर आवळला आणि वाकले. मसणवट्यातला माणूस म्हणाला, वरून निवलंय, उचला आता.

भाईसांनी मला अडवलं. गुडघे टेकून बसले, तळहात राखेवर ठेवला, आणि तसाच सावकाश फिरवला. मग माझं मनगट घट्ट धरलं.

"गरम है," म्हणाले.

तो माणूस म्हणाला, "इतनी तो रहती ही है, बाबा. पानी छिड़क देते हैं."

"मैं कह रहा हूँ, गरम है," भाईसा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा झालेला मी कधी ऐकला नव्हता. "कोई हाथ नहीं लगाएगा."

ड्रायव्हर तिथंच खाली बसला. भाईसांनी माझं मनगट सोडलं नाही आणि दुसरा हात राखेवरून काढला नाही. ऊन चांगलं वर आलं, तरी ती निवेपर्यंत आम्ही थांबलो.